ज्याचा विषय, तो बाहेर

"मायव्वा, तुझा विषय आहे. तू बाहेर बस."

रुक्सानाने अध्यक्षाच्या आवाजात सांगितलं. नववीतली रुक्साना मुलाणी त्या वर्षी मुलींच्या सभेची अध्यक्ष होती, आणि अध्यक्ष झाल्यापासून ती जरा घोगरं बोलायला लागली होती. पाचवीतली मायव्वा फ्रॉकची बाही नाकाला लावत उठली. स्वयंपाकघरातल्या गुळाच्या ढेपेचा एक कोपरा नाहीसा झाला होता आणि मुंग्यांची रांग थेट मायव्वाच्या पत्र्याच्या पेटीत शिरताना सगळ्यांनी पाहिली होती.

मायव्वा ओसरीच्या पायरीवर जाऊन बसली. तिच्यामागोमाग आमचं वसतिगृह चालवणारे अण्णाही उठले, काळी टोपी सारखी केली आणि तिच्याशेजारी जाऊन बसले. मला आतून दोघांच्या पाठी दिसत होत्या. गूळ कसा होता, असं त्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली, "खारट हुता."

"मग दुकानदारानं मला फसवलं म्हणायचं," अण्णा म्हणाले. "बरं झालं, तू चाखून बघितलास."

आमच्या सावली कन्या निवासात दर शनिवारी दुपारी मुलींची सभा भरायची. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते आहे, पण सभा आजही भरते. भांडणं, कामांच्या पाळ्या, सहलीला कुठे जायचं, सगळं मुलीच ठरवायच्या. सभेचा एक नियम अण्णांनी पहिल्या वर्षीच घालून दिला होता: ज्याचा विषय, तो बाहेर. जिच्याबद्दल बोलायचं ती मुलगी आधी स्वतःची बाजू मांडणार आणि मग उठून पायरीवर जाऊन बसणार. निर्णय झाला की अध्यक्षाने स्वतः बाहेर जाऊन तिला तोंडावर सांगायचं, दुसऱ्या कुणाकडून निरोप पाठवायचा नाही. मी अण्णांना विचारलं होतं की लहान मुलींना असं उठवणं बरं दिसतं का. तेव्हा ते म्हणाले होते, "समोर बसलेल्या माणसाबद्दल खरं बोलायला मोठं काळीज लागतं, शालन. ते सगळ्यांकडे असतंच असं नाही. म्हणून त्याला उठवायचं, आणि आपलं काम सोपं करून घ्यायचं. बाहेर बसणं ही शिक्षा नव्हे. कुणीतरी सोबतीला बसावं म्हणजे झालं."

मी हा प्रश्न विचारला तेव्हा मी स्वतःच तिथे राहणारी मुलगी होते. सांगलीचे हळदीचे व्यापारी भूपाल अण्णा मगदूम यांनी जत, आटपाडीकडच्या कोरडवाहू गावांतल्या मुलींसाठी वसतिगृह काढलं, तेव्हा पहिल्या तुकडीत मी होते. आमच्या गावात चौथीनंतर शाळा नव्हती. अण्णा जीप घेऊन आले, माझ्या वडिलांच्या हातचा चहा प्याले आणि म्हणाले, "पोरगी माझ्या दारात राहील. दारापुढून जाणाऱ्यालासुद्धा मी ओळखत असेन." वडिलांनी तेवढ्या एका वाक्यावर मला पाठवलं. पुढे मी अध्यापिकेचा कोर्स करून परत आले. मुलींना शिकवणं, त्यांच्याबरोबर राहणं आणि संस्थेची चिटणीस म्हणून कारभार बघणं, ही तीन कामं मी एकाच पगारात आनंदाने करत होते.

त्या शनिवारी सभेने मायव्वाला आठवडाभर गुळाच्या डब्याची राखण करायला सांगितलं. राखण ठेवल्यावर गूळ पुन्हा कमी झाला नाही. मी मात्र दुपारभर अण्णांच्या पाठीकडे बघत होते. सदऱ्याच्या आत माणूस उरला नव्हता.

सगळ्या सांगलीला कारण ठाऊक होतं. धाकट्या भावाच्या तेलाच्या गिरणीला अण्णा जामीन राहिले होते. गिरणी बसली, भाऊ परगावी निघून गेला, आणि घेणेकरी अण्णांच्या दारात आले. त्यांतले सगळ्यांत मोठे हुक्केरी शेठ, अण्णांसारखेच आडते, वर्षानुवर्षं शेजारच्या गाळ्यात बसणारे. माणूस वाईट नव्हता. आपले पैसे त्यांना परत हवे होते. त्यांनी मार्ग सुचवला तो असा: वसतिगृहापुढचं रस्त्यालगतचं मैदान गोदामासाठी त्यांना लांब मुदतीच्या भाड्याने द्यायचं, भाडं नावापुरतं ठेवायचं, आणि ते अण्णांवरचा सगळा बोजा सोडून देणार. वरची परवानगी आपण आणतो, संस्थेने फक्त ठराव करावा.

म्हणजे संस्थेची जमीन जाणार होती आणि अण्णांचं कर्ज फिटणार होतं. पण असं कुणी बोलून दाखवत नव्हतं, कारण अण्णा आणि संस्था या दोन गोष्टी आहेत हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं. अण्णांच्याही नाही. इतकी वर्षं त्यांच्या घरचं धान्य इकडे येत होतं, त्यांची म्हैस आमच्या परसात बांधलेली होती, दिवाळीला आमच्या मुली त्यांच्या घरी न्हायला जात. गावात कुणी सावली म्हणतच नव्हतं. मगदूमांचं वसतिगृह, एवढीच ओळख. या सरमिसळीचं आम्हाला कौतुक होतं.

विश्वस्तांच्या बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी अण्णा आले. मुली शाळेत होत्या. मैदानावर वाळत घातलेल्या चादरींकडे बघत ते उभे राहिले. मग म्हणाले, "शालन, पुढची जागा तशी रिकामीच असते. नाही का?"

ज्या माणसाने मला उत्तर येत नसलं तर तसं सांगायला शिकवलं, त्याच्यापुढे उत्तर येत असताना मी गप्प बसले. त्या मैदानावर दुसरी इमारत बांधायची आमची ठरलेली गोष्ट होती. दर जूनमध्ये मी जागा नाही म्हणून कितीतरी मुलींच्या वडिलांना परत पाठवत होते. आणि गोदाम झालं असतं तर आमच्या मुलींना ट्रक आणि हमालांच्या गर्दीतल्या बोळातून ये-जा करावी लागली असती. दारापुढून जाणाऱ्याला मी ओळखत असेन, हे वाक्य मग कोणत्या बापाला सांगायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक भरली. डॉक्टर आवटी उपाध्यक्ष, अण्णांचे शाळेपासूनचे मित्र. निवृत्त मुख्याध्यापक होनमाने सर, आणखी दोघे व्यापारी, आणि मी. अण्णा नेहमीच्या जागी, फिरत्या लाकडी खुर्चीवर. डॉक्टरांनी विषय मांडला, आणि सगळे एकदम दुसरंच बोलू लागले. पाऊसपाणी झालं, हळदीचा दर झाला. मग डॉक्टर म्हणाले की अण्णांनी आजवर संस्थेला दिलं, आता संस्थेची पाळी आहे. बाकीच्यांनी माना डोलावल्या. होनमाने सर मात्र चष्मा पुसत राहिले. एकच काच ते पुन्हा पुन्हा पुसत होते.

"अण्णा, तुमचं काय म्हणणं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्ही ठरवाल ते," अण्णा म्हणाले. जमिनीकडे बघून म्हणाले.

मी उठून उभी राहिले. बैठकीत उठून बोलायची पद्धत नव्हती, पण वर्गात मी उभीच असायचे, बसून मला बोलता आलं नसतं.

"अण्णा, तुमचा विषय आहे," मी म्हणाले. "तुम्ही बाहेर बसा."

दोघा व्यापाऱ्यांपैकी एकाला वाटलं मी गंमत केली. तो हसला आणि मध्येच थांबला. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. पहिल्या दिवशी जीपमध्ये मी रडत होते तेव्हा त्यांनी असंच बघितलं होतं, काही न बोलता, मी थांबेपर्यंत. या वेळी मी रडत नव्हते. त्यांनी टोपी सारखी केली, खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले आणि बाहेर गेले. चपला घातल्याचा आवाज आला, मग पायरीवर बसल्याचा.

डॉक्टर आवटी माझ्यावर कडाडले. म्हणाले, या घरात वाढलीस, या माणसाचं अन्न खाल्लंस, आणि त्याला त्याच्याच संस्थेतून उठवतेस? लाज कशी वाटली नाही?

"वाटली," मी म्हणाले. "डॉक्टरकाका, आता ते इथं नाहीत. तुम्हाला स्वतःला ही जागा द्यावीशी वाटते का, तेवढं सांगा. तुम्ही हो म्हणालात तर मी पुढे एक शब्द बोलणार नाही."

मग होनमाने सर चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाले, "मला नाही म्हणायचंय. आठ दिवस झाले, मी रोज आरशापुढे म्हणून बघतोय. भूपालच्या तोंडावर जमेना."

"मलाही नाही म्हणायचंय," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझा मिरजेचा प्लॉट आहे. तो मी विकीन त्याच्यासाठी, उद्या विकीन. पण ही जागा आपली आहे कुठं, की आपण द्यावी?"

हसलेला व्यापारी म्हणाला की आपण तर डॉक्टर हो म्हणतील म्हणून हो म्हणणार होतो. त्याच्या सोबत्याने मान हलवली. त्या खोलीत हो म्हणणारं कुणीच नव्हतं, आणि तरी पाच मिनिटांपूर्वी ठराव झाल्यात जमा होता.

नियमाप्रमाणे सांगायला मी गेले. शाळेला सणाची सुट्टी होती. अण्णा पायरीवर बसून मुलींबरोबर घेवडा सोलत होते. मायव्वा त्यांना चिकटून बसली होती. रुक्साना विचारत होती, "अण्णा, तुम्ही काय केलंत?"

"अजून काही केलं नाही गं," अण्णा म्हणाले. "करायच्या बेतात होतो."

मी समोर जाऊन उभी राहिले. "अण्णा, सभेनं नाही म्हटलं."

त्यांनी हातातली शेंग सोलून पूर्ण केली. "कुणी हो म्हटलं?"

"कुणी नाही."

"आवटी?"

"ते त्यांचा प्लॉट विकायला निघालेत. तुमच्यासाठी. पण इथली जागा नाही म्हणाले."

अण्णांनी दाणे मायव्वाच्या ओंजळीत घातले, उठले, आणि आत न येता फाटकातून निघून गेले. चालताना त्यांनी एकदाही मागे बघितलं नाही. त्यानंतर दोन शनिवार ते सभेला आले नाहीत. मुली मला विचारायच्या. मी त्यांना भागाकार शिकवत होते, आणि बाकी उरली की ती कुठं ठेवायची हे सांगताना मी फळ्याकडे तोंड फिरवायचे. आपण बरोबर केलं हे मला माहीत होतं. पण रात्री खोलीत एकटी असताना त्या माहितीचा काही उपयोग होत नसे.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी फाटकाशी हातगाडी थांबली. अण्णा आणि त्यांच्या पत्नी सुलोचना वहिनी दोघंही आले होते. अण्णांनी अध्यक्षपदाचा राजीनामा माझ्या हातात दिला, आवटींना अध्यक्ष करा म्हणाले, आणि लगेच सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

"चल, शालन. माझं काय ते वेगळं काढू."

आम्ही खोलीखोलीतून फिरलो. मुली मागे. फिरती खुर्ची त्यांची होती, ती गाडीवर चढली. भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या वडिलांचं. लोखंडी कपाट वहिनींच्या माहेरचं. ते आम्ही रिकामं केलं आणि मुलींचे कपडे जमिनीवर चादरीत बांधून ठेवले. शिवणयंत्रं देणगीतून आलेली होती, अण्णांनी त्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ही तुमची." मग परसात गेलो. म्हशीचा दोर त्यांनी स्वतः सोडला, तेव्हा मुलींनी गलका केला. चंद्रीचं दूध त्याच पीत होत्या. मीही म्हणाले, "अण्णा, राहू द्या ना तिला. कोण विचारतंय?"

"म्हैस माझी आहे," अण्णा म्हणाले. "ती इथं राहिली तर उद्या तिच्या शेपटीला धरून कोर्टाचा बेलीफ आत येईल, आणि जाताना सगळंच ओढून नेईल."

वहिनी मुलींना म्हणाल्या, "रडू नका गं. चंद्री लाथा मारते हे तुम्हाला आवडायचं का?" मुली रडतारडता हसल्या, आणि हातगाडीमागे म्हैस असा सगळा संसार रस्त्याने निघाला.

बेलीफ आलाच. पुढच्याच महिन्यात, मुली शाळेला जाण्यापूर्वी जेवायला बसण्याच्या वेळेला. अण्णांच्या घरातली जप्ती आटोपून हुक्केरी शेठ त्याला इकडे घेऊन आले होते. घरात फारसं मिळालं नसावं. शेठ बेलीफला सांगत होते, हे सगळं मगदूमांचंच आहे, कुणालाही विचारा. आणि रस्त्यावर जमलेल्या लोकांना विचारलं असतं तर कुणीही होच म्हणालं असतं. मी ट्रस्टच्या नोंदणीचा दाखला दाखवला. बेलीफने तो वाचला, पण जमिनीचं ठीक आहे, आतल्या सामानाचं काय, म्हणाला. त्याने पंगतीत मांडलेल्या स्टीलच्या ताटांपैकी एक उचललं आणि उलटं केलं. मागे नाव कोरलेलं होतं: सौ. सुलोचना भूपाल मगदूम. वहिनींनी दिलेल्या सगळ्याच ताटांवर दुकानदाराने रीतीप्रमाणे नाव घालून दिलेलं होतं.

"मग हे कुणाचं?" बेलीफने मला विचारलं.

"मी सांगतो."

अण्णा फाटकात उभे होते. घरापासून चालत आले होते; धाप लागलेली होती.

"आमच्या जैन बस्तीच्या देवळातल्या घंटेवर माझ्या आजोबांचं नाव आहे," ते बेलीफला म्हणाले. "म्हणून ती घंटा काढून नेणार आहात काय? नाव देणाऱ्याचं असतं. वस्तू ज्याला दिली त्याची." मग ते शेठजींकडे वळले. "मल्लाप्पा, घर घेतलंस, गाळा घेतलास, म्हैस घेतलीस. ते माझं होतं, मी आडवा आलो नाही. उरलेलं देणं मी मरेपर्यंत फेडीन, तुला माहीत आहे. पण इथं उभं राहून खोटं बोलू नको."

हुक्केरी शेठ खाली बघू लागले. अण्णा मैदानाच्या मधोमध आले, आणि हळदीच्या सौद्यात बोली लावताना लावायचे तसा मोठा आवाज लावून, रस्त्यावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणाले,

"लिहून घ्या, साहेब. भूपाल मगदूमचं इथं काही नाही. सुतळीचा तोडासुद्धा नाही."

त्यांची मान ताठ होती. घर विकत घेतलेल्या, बंगला बांधलेल्या माणसांना मी हे माझं आहे असं सांगताना पुष्कळदा ऐकलं आहे. एवढ्या तोऱ्यात सांगताना कुणाला ऐकलेलं नाही.

बेलीफने ताट पुन्हा जागेवर ठेवलं. सरळ करून ठेवलं. जाताना त्याने मुलींना, जेवा तुम्ही, असं सांगितलं. शेठ त्याच्यामागून गेले. त्या मैदानावर पुढे दुसरी इमारत झाली; अण्णा आणि वहिनी गावभागात दोन खोल्यांत राहायला गेले, आणि त्यांनी शब्द दिल्याप्रमाणे देणं फेडलं. मी अजून दर बुधवारी त्या इमारतीत मुलींना गणित शिकवायला जाते.

पण मला आठवतं ते त्या सकाळचं जेवण. बेलीफ गेल्यावर आमटी निवत होती, म्हणून अण्णा सवयीने वाढायला पातेल्याकडे वळले. ते नेहमी वाढायचे, आणि सगळ्या मुलींचं झाल्यावर शेवटी बसायचे. यजमानाने आधी जेवायचं नसतं. रुक्सानाने त्यांच्या हातातला डाव काढून घेतला.

"तुम्ही पाहुणे आता," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "पाहुण्यांनी बसायचं."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांचं ताट मांडलं. मायव्वा सरकली, आणि ते पहिल्या पंगतीत मुलींच्या मधे मांडी घालून बसले. सगळ्यांच्या आधी त्यांना वाढलं गेलं. ते सावकाश जेवले, आणि भाकरी संपल्यावर जरा लाजत म्हणाले,

"अजून एक मिळेल का गं? शेवटी बसायचो तेव्हा उरायचीच नाही."

रुक्सानाने भाकरी वाढली. न विचारता दुसरीही वाढली.